तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच दिव्यापासून सुरुवात

“कॅरिबियन बेटांची दीपगृहं असलेली तिकिटं जमवायची आहेत, सुरुवात कुठून करू?” सगळा समुद्र कवेत घेऊ नका. एकच दिवा धरा, सोम्ब्रेरोचा.

अँग्विला या कॅरिबियन बेटाच्या वायव्येला पन्नासेक किलोमीटरवर हा उघडाबोडका खडक आहे. एकेकाळी इथे खतासाठी फॉस्फेट खणत. युरोपातून कॅरिबियनमध्ये शिरणाऱ्या जहाजांच्या वाटेतच तो येतो, म्हणून १८६८ साली इथे दिवा लागला. १९६० च्या डोना वादळात जुना मनोरा खिळखिळा झाला आणि १९६२ मध्ये नवा उभा राहिला.

ही अदलाबदल तिकिटांवरही दिसते. तेव्हा अँग्विला सेंट किट्स आणि नेव्हिस या बेटांसोबत एकाच ब्रिटिश वसाहतीत होतं. त्या वसाहतीच्या १९५७ च्या ८ सेंटांच्या तिकिटावर जुनं दीपगृह आहे, १९६३ च्या अर्ध्या सेंटाच्या तिकिटावर नवं. पहिलं तिकीट कोरीव छपाईचं. उजेडात तिरकं धरलं की शाईच्या रेघा उठून दिसतात. दुसरं फोटोग्रॅव्ह्युअर छपाईचं, दहापटीच्या भिंगाखाली ठिपकेच ठिपके.

फसगत होते ती पुढच्या पायरीवर. १९६७ मध्ये अँग्विला सेंट किट्सपासून फुटलं आणि सप्टेंबरात हाताशी असलेल्या जुन्या तिकिटांवरच ‘इंडिपेंडंट अँग्विला’ असं छापून ती विक्रीला आली. ती फार थोडी होती, म्हणून महाग. बिनछापाचं अर्ध्या सेंटाचं तिकीट मात्र अगदी स्वस्त मिळतं, त्यामुळे त्यावर घरबसल्या अक्षरं उमटवणाऱ्यांची चांदी. वापरलेलं तिकीट असेल तर भिंगाखाली टपालाचा शिक्का आणि ती अक्षरं जिथे एकमेकांवर येतात ती जागा बघा. अक्षरांची शाई शिक्क्याच्या वर बसलेली असेल, किंवा शिक्क्याची तारीख सप्टेंबर १९६७ च्या आधीची असेल, तर तिकीट बनावट. कोऱ्यावर ही खूणही मिळत नाही, तेव्हा तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय पैसे टाकू नका.

अँग्विलाच्या स्वतःच्या पहिल्या मालिकेतलं २ सेंटांचं सोम्ब्रेरो मात्र बिनधास्त घ्या, त्यावर अँग्विलाचं नाव मुळातच छापलेलं आहे.

मुंबई-कोकणात राहत असाल तर कोऱ्या तिकिटांचा डिंक पावसाळ्यात पाघळून पानाला चिकटतो. अल्बम आडवे रचून ठेवू नका, उभे ठेवा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला बदला. चिकटलेलं तिकीट ओढून काढायला जाऊ नका. कागद विरतो आणि कडेचे दातरे तुटतात.