नाथसागराच्या गाळातली होडी

वैशाखात पैठणला निघालो म्हटल्यावर घरच्यांनी वेड्यात काढलं. पण नाथसागर बघावा तो उन्हाळ्यातच. पाणी हटलं की 1976 पासून धरणाच्या पोटात असलेलं बरंच काही वर येतं: घरांची जोती, विहिरींचे कठडे, बाभळीचे काळे बुंधे. सोबत गेवराईचे दाजी होते, पिढीजात सुतार. शहागड, पाचोड, मग मोसंबीच्या बागा. रस्त्याबद्दल न बोललेलंच बरं.

नाथांच्या समाधीचं दर्शन घेऊन फुगवट्याच्या काठाला गेलो. इथले भोई आता थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी टाकतात, त्यामुळे गाळाबाहेर ओढून ठेवलेली लाकडी होडी लगेच नजरेत भरली. दाजी थेट खिळ्यांकडे वळले. प्रत्येक खिळ्याभोवती रुपयाएवढं काळं वर्तुळ. त्यात अंगठा दाबला तर भुगा निघाला. चार बोटं पलीकडे तीच फळी खणखणीत.

"बाभूळ अन् लोखंड, कधी जमलंच नाही यांचं," दाजी म्हणाले. बाभळीतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, लोखंडाला भिडलं की लाकूड काळं पडतं, हे सुताराला पुस्तकात वाचावं लागत नाही.

होडीवाले बाबा जवळ आले. "गाळात व्हती तव्हर दगडावानी व्हती. मागल्या साली भाईर काढली अन् हे असं झालं. पान्यानं काय बी केलं न्हाई, वाऱ्यानं खाल्ली."

समुद्रापासून इतक्या लांब जहाजांच्या गप्पा कशाला, असं कुणी म्हणेल. पण हे सातवाहनांचं पैठण. यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. आणि बाबा बोलले ते मी लेकीकडे स्टॉकहोमला गेलो तेव्हा डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिथे 'वासा' ही युद्धनौका 1628 मध्ये पहिल्याच सफरीत बंदरातच बुडाली. 1961 मध्ये वर काढली तेव्हा ओकचं लाकूड बऱ्यापैकी शाबूत होतं. वाळताना आकसू नये म्हणून तिच्यावर 17 वर्षं पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखं रसायन फवारलं. सगळे निर्धास्त झाले. मग 2000 चा उन्हाळा पावसाळी निघाला, संग्रहालयात दमटपणा वाढला आणि लाकडावर पांढरे-पिवळे क्षार फुटले. तपासून बघितलं तर आम्ल!

बंदराच्या घाण पाण्यात प्राणवायू नव्हता. तिथल्या जीवाणूंनी पाण्यातल्या सल्फेटपासून, म्हणजे गंधकाच्या क्षारांपासून, हायड्रोजन सल्फाइड बनवला, तोच तो सडक्या अंड्यांचा वास, आणि तीनशेहून अधिक वर्षं गंधक लाकडात मुरत गेलं. अंदाजे 2 टन. गंजलेल्या बोल्टांचं लोखंडही मुरलं. पाण्याखाली दोघं गप्प होते. हवा लागली तसं गंधकाचं गंधकाम्ल होऊ लागलं, लोखंडानं त्याला वेग दिला. शिवाय आम्ल नसतानाही लोखंड आणि प्राणवायू मिळून लाकडाला बळ देणारे सेल्युलोजचे धागे तोडतात, ते वेगळंच.

नाथसागराचं पाणी गोडं, सल्फेट कमी. इथे आम्लापेक्षा लोखंड आणि बुरशीच जास्त दोषी असावी, असं मला वाटतं. दाजींना तेवढी शंकाही नव्हती: "खिळाच चोर."

मी सांगितलं, 'वासा' जहाजातले 5,000 हून अधिक बोल्ट काढून स्टेनलेस स्टीलचे बसवले. बाबांनी लगेच दाजींना विचारलं, असले खिळे गेवराईत मिळतात का अन् किलोला काय पडतात. भाव ऐकला आणि म्हणाले, "मंग थर्माकोलच बरा."