चपलेतले लाल खडे आणि रामकिंकर बैज

शांतिनिकेतन बघायला बंगालमधल्या बोलपूरला उतरले तेव्हा डोक्यात फक्त रवींद्रनाथ होते, शिल्पकार रामकिंकर बैज हे नाव नुसतं ऐकून माहीत. टोटोवाल्या (म्हणजे ई-रिक्षावाल्या) दादांनी आधी खोआईला नेलं, म्हणाले उन्हं चढली की तिथे फिरवणार नाही. खोआई म्हणजे पावसाने चिरत चिरत घळी पाडलेली लालभडक जमीन. ती बघितली आणि कोकणच आठवलं, अगदी आपला जांभाच की! चालताना चपलेत बारीक लाल खडे शिरत होते, मी झटकत होते, परत शिरत होते.

नंतर शांतिनिकेतनच्या कलाभवनाच्या, म्हणजे तिथल्या कलाशाळेच्या आवारात रामकिंकरांच्या ‘संथाल फॅमिली’ या शिल्पासमोर उभी राहिले, जरा जवळ गेले, आणि लक्षात आलं अरे, हे तर तेच खडे. १९३८ सालचं हे शिल्प सिमेंट आणि तिथल्याच जांभ्याच्या खडीचं आहे. लोखंडी सांगाडा उभा करून त्यावर हा माल हाताने फेकत, थापत, ओला आहे तोवरच आकार देत त्यांनी ते केलं. ब्राँझ ओतायचं तर पैसे लागतात, ते कुठून येणार, मग पायाखाली जे होतं तेच उचललं. बाप कावड घेऊन निघालाय, एका टोपलीत पोर, शेजारी आई, बरोबर कुत्रं, सगळा संसार चाललाय आणि हे सगळं माणसापेक्षा मोठ्या आकारात. पुतळे राजांचे नि साहेबांचे व्हायचे त्या काळात! मी तिथे तासभर तरी होते.

येताना मी वाट वाकडी करून बांकुडा जिल्ह्यातलं विष्णुपूर बघून आले होते, ते किती बरं झालं. तिथल्या मल्ल राजांच्या देवळांच्या भिंती भाजलेल्या मातीच्या चित्रांनी भरल्यात, हात लावायचा मोह आवरत नाही. रामकिंकर याच जिल्ह्यातले, जन्म १९०६ चा, लहानपणी आसपासच्या मूर्तिकारांचे हात बघत वाढले. १९२५ मध्ये बांकुड्याचेच संपादक रामानंद चट्टोपाध्याय त्यांना शांतिनिकेतनला घेऊन आले आणि चित्रकार नंदलाल बोस गुरू मिळाले. मला तर वाटतं सिमेंटला मातीसारखं हाताळायचं धाडस बांकुड्यातूनच आलं, आणि कुणाला घडवायचं हे शांतिनिकेतनच्या आजूबाजूच्या संथाळ आदिवासींच्या वस्त्यांनी सांगितलं. दोन्हीतलं एक जरी नसतं तरी हे शिल्प झालं नसतं.

त्यांचीच ‘सुजाता’ १९३५ ची, झाडांमधली उंच सडपातळ बाई, झाडासारखीच वाढलेली. ती छान आहे पण माझा जीव अडकला त्यांच्या ‘मिल कॉल’ या शिल्पात. १९५६ चं. भातगिरणीचा भोंगा झालाय आणि दोघी पळत सुटल्यात, पदर वाऱ्यावर, मागे पोर. अठरा वर्षांपूर्वीचं ते कुटुंब सावकाश चाललेलं होतं, आणि आता भोंग्यामागे धावाधाव. गाव बदललं, शिल्पाचा वेग बदलला, आणि हे टिपायला माणूस तिथेच राहत होता!

पुढच्या महिन्यात दिल्लीला काम आहे. संसद मार्गावर रिझर्व्ह बँकेच्या दाराशी त्यांनी घडवलेले यक्ष-यक्षीचे पुतळे आहेत, ते मात्र दगडातले, आणि तो दगड हिमाचलमधल्या बैजनाथकडचा. लाल माती सोडून डोंगरातला दगड हातात घेतल्यावर त्यांनी काय केलं ते बघायचंय.