ताश्कंदमधली अर्धी कादंबरी

समरकंद-बुखारा चार दिवसांत उरकलं. निळे घुमट, फोटो, परत बस. रोज रात्री 'आपलं' जेवण म्हणून जे पनीर वाढलं, त्याविषयी न बोललेलं बरं. शेवटच्या दिवशी ताश्कंदमध्ये सगळी मंडळी सुक्यामेव्याच्या खरेदीला निघाली. मी डोकं दुखतंय अशी थाप मारली आणि मेट्रोने बोदोमझोरला उतरले.

टीव्ही टॉवरजवळ बोझसू कालव्याच्या काठी स्टालिनच्या काळात मारल्या गेलेल्यांचं स्मारक आहे. मी आले होते चोल्पोनसाठी. अंदिजानचा कवी अब्दुलहमीद. चोल्पोन हे टोपणनाव, म्हणजे शुक्राची चांदणी. याने टागोरांवर लिहिलं, 'हॅम्लेट' उझबेकीत आणलं, 1935मध्ये ते ताश्कंदच्या रंगभूमीवर आलं. 1937मध्ये अटक, 4 ऑक्टोबर 1938 रोजी गोळी. कादंबरीकार कादिरी आणि विद्वान फितरत यांनाही तेव्हाच संपवलं.

हातात सकाळी घेतलेलं पुस्तक होतं, चोल्पोनची कादंबरी 'केचा वा कुंदुझ'. एक अक्षर कळत नसताना का घेतलं, विचारू नका. पानं झाडणारी एक बाई थांबली. इथे मोठ्या बहिणीला 'ओपा' म्हणतात, मीही म्हटलं. तिने मुखपृष्ठावर बोट ठेवलं, मग माझ्या फोनकडे दाखवून म्हणाली, "तर्जिमोन." अरे, हा तर आपला तर्जुमा! अनुवाद म्हणायची सवय लागल्यापासून मी हा शब्द विसरूनच गेले होते.

फोनने 'केचा वा कुंदुझ'चं हिंदी केलं: 'कल और दिन'. काल आणि दिवस? उद्या आणि दिवस? काहीच लागेना. ओपाला हसू फुटलं. झाडू कठड्याला टेकवून तिने दोन्ही तळवे डोळ्यांवर धरले, मग गालाखाली घेऊन झोपल्यासारखं केलं. रात्र! 'केचा' म्हणजे कालही आणि रात्रही. आणि ज्या माणसाने शेक्सपिअरचं ओझं उचललं, त्याच्याच पुस्तकाच्या नावावर फोन आपटला होता.

मी पुस्तक उलटंसुलटं करत विचारलं, "कुंदुझ?" यात दिवस कुठे आहे? पहिला भाग 'रात्र' छापला गेला, दुसरा कधी मिळालाच नाही, हे मी वाचलं होतं. तरी विचारलं.

ओपाने झाडू उचलला. जाता जाता रिकामा हात माझ्यासमोर उघडून दाखवला.