बीटलच्या हेडांचं काम: माझा अनुभव

तीन नंबर सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची, म्हणजे जळका धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेची, गॅप दर वेळी कमी भरायला लागली, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. माझी फोक्सवॅगन बीटल १९६७ ची, इंजिन १५००, म्हणजे १४९३ सीसी. थंड इंजिनवर टॅपेटची गॅप (व्हॉल्व्हचा दांडा आणि तो दाबणारा भाग यांच्यातली फट) मी ०.१५ मिमी ठेवतो. टॅपेट झिजून गॅप वाढली तर एक वेळ समजतं. ती कमी होत गेली, तर एक तर व्हॉल्व्ह उष्णतेनं लांबतोय, नाही तर सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, रुतत चाललीय. दुर्लक्ष केलं तर व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनवर पडतं आणि सगळं इंजिन जातं. म्हणून गाडी चालती असतानाच इंजिन खाली घेतलं.

हा त्रास तीन नंबरलाच का, हे बीटलवाल्यांना माहीत असतं. त्या काळच्या इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या पत्र्याच्या आत, नेमका तीन नंबर सिलिंडरच्या वाटेत उभा असतो. त्या सिलिंडरला हवा कमी मिळते आणि मिळते तीही तापलेली. फोक्सवॅगननं १९७१ च्या मॉडेलपासून कूलरला वेगळी जागा दिली, पण जुन्या इंजिनांना त्याचा काय उपयोग?

बीटलचं इंजिन हवेनं थंड होतं, हेडभोवती पाणी नसतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता सीटमधून आणि दांड्यावाटे गाइडमधून (दांडा सरकतो त्या नळीतून) हेडमध्ये उतरते, तिथून फिन्समध्ये (बाहेरच्या पातळ पात्यांमध्ये) जाते आणि मग हवेत. माझ्या मते हेडचं काम म्हणजे ही वाट पुन्हा मोकळी करून देणं. हेड चकचकीत दिसण्याला मी काडीची किंमत देत नाही.

एका गॅरेजमध्ये सल्ला मिळाला, ‘लॅपिंग करून बसवून टाकू.’ म्हणजे व्हॉल्व्ह पेस्ट लावून सीटवर नुसता घासायचा. मी हेडं परत घेतली. गाइड तपासायची साधी रीत आहे. व्हॉल्व्हच्या दांड्याचं टोक गाइडच्या टोकाशी सपाट आणायचं, डोक्याला डायल गेज लावायचा आणि व्हॉल्व्ह हलवून बघायचा. ०.८ मिमीच्या वर हलला तर गाइड संपलं. डाव्या हेडची दोन्ही एक्झॉस्ट गाइडं त्या पलीकडे गेली होती. गाइड असं ढिलं असताना लॅपिंग केलं, तर व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी टेकणार.

कोल्हापुरात राहण्याचं भाग्य अशा वेळी कळतं. शिवाजी उद्यमनगरात हेडचं काम करणारे एक मामा आहेत. त्यांनी सगळ्यात आधी हेडं शेजारच्या फौंड्रीत डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्टला पाठवली. लाल रंग मारायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर फवारायची. चीर असेल तर लाल रेघ उमटते. कास्टिंग तपासायची तिथली ही रोजची पद्धत. तीन नंबरच्या प्लगच्या भोकापासून एक्झॉस्ट सीटपर्यंत बारीक लाल रेघ आली. उजवं हेड मात्र स्वच्छ निघालं.

मग डावं हेड टाकायचं की वाचवायचं? चीर फिन्सच्या मुळापर्यंत गेली नव्हती, म्हणून वाचवायचं ठरलं. दोन्ही सीटा काढल्या, चीर तळापर्यंत कोरली, हेड तापवून टिग वेल्डिंग केलं. पुढं मशिनवर भरणी साफ केली, प्लगचे १४ मिमीचे आटे नव्यानं पाडले, सीटांच्या बैठका बोअर केल्या.

गाइडं ठोकून काढायची नाहीत यावर मामा ठाम होते. आधी आतून ड्रिल करून गाइड पातळ करायचं, मग दाबून काढायचं. नाही तर जाताना ते ॲल्युमिनियम ओरबाडतं. नवी गाइडं फॉस्फर ब्राँझच्या बारमधून लेथवर केली, दाबून बसवली आणि ८ मिमीच्या दांड्याच्या मापानं रीमर फिरवला. सीटचं काम त्यानंतरच, कारण सीट कापणाऱ्या कटरचा पायलट (कटर सरळ धरणारी दांडी) गाइडमध्येच बसतो. मामांच्या शब्दांत, ‘गाइड सरळ नसंल तर सीट कितीबी घासा, काय उपेग न्हाई.’

सीटा बसवताना हेड फौंड्रीच्या कोअर (साच्यातले वाळूचे गाभे) वाळवायच्या भट्टीत साधारण २०० अंशांपर्यंत तापवलं आणि सीटा ड्राय आइसमध्ये ठेवल्या. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे थंडपणी सीट घट्ट आवळलेली नसेल तर तापल्यावर ती सैल होणारच. मग ४५ अंशांची मुख्य कड, वरून १५ चा काप, खालून ७५ चा. एक्झॉस्टची रुंदी १.७ ते २ मिमी, इनटेकची १.३ ते १.६. एक्झॉस्ट सीट याहून अरुंद केली तर उष्णता जायला जागाच उरत नाही. ब्ल्यू (ठसा दाखवणारा निळा रंग) लावून व्हॉल्व्ह टेकवला तेव्हा पूर्ण गोल, एकसारखा ठसा उठला. तो बघून मला जे समाधान मिळालं, ते नव्या रंगकामानंही मिळालं नव्हतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह चारही नवे घातले. मेक्सिकोत पुएब्लाला २००३ पर्यंत बीटल बनत होती, त्यामुळे हे भाग अजून मिळतात.

सिलिंडर टेकतो ती कड दोन्ही हेडांवर हलकी फिरवून घेतली आणि चारही चेंबरचं आकारमान ब्युरेटनं रॉकेल भरून जुळवलं.

फिन्सचं काम मी घरी केलं. एक्झॉस्ट पोर्टजवळ फिन्सच्या मधे ओतकामाचे पापुद्रे कारखान्यापासूनच राहिलेले होते. हवा तिथून जातच नव्हती. हॅकसॉ ब्लेड आणि पातळ कानशीनं ते मोकळे केले. कष्टाचं काम, पण फुकटात एवढा फायदा दुसरं कुठलंच काम देत नाही.

जोडणीत पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडायला लावणाऱ्या दांड्यांच्या) नळ्या १९० ते १९१ मिमी लांबीपर्यंत ताणून, शिवण वर ठेवून बसवल्या. हेडचे नट नेमून दिलेल्या क्रमानं आधी १० न्यूटन-मीटर, मग ३२. सिलिंडरांखालचे हवा वळवणारे पत्रे माझ्या इंजिनात नव्हतेच, ते करून घेतले. इंजिनाभोवतीचा रबरी पट्टाही नवा घातला; तो फाटका असला की खालची तापलेली हवा पंखा परत ओढून घेतो.

आता चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन १२० पौंडांच्या आसपास आहे. आंबा घाट चढून आल्यावरही इंजिन बंद करताना ठोकत नाही. तरी तेल बदलताना, म्हणजे ते अडीच लिटर ओतायच्या आधी, गॅप तपासायचं मी सोडलेलं नाही, आणि सुरुवात तीन नंबरपासूनच करतो.