ठिबकचं अनुदान आणि सातबाऱ्यावर न दिसणारी विहीर

महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या पोर्टलवर, ठिबकच्या अनुदानाचा अर्ज भरणं हे काम सोपं. शेतकरी ओळख क्रमांक टाकायचा, 23 रुपये 60 पैसे भरायचे, निवडीच्या मेसेजची वाट बघायची. माशी शिंकते ती त्यानंतर, कागदपत्रांत.

विहिरीला बारमाही पाणी, मोटार चालू, वीजबिल हातात. तरी माझे कागद परत, कारण सातबाऱ्यावर पाण्याच्या साधनाची नोंद नाही! उसाला ठिबक सक्तीचं करायचा निर्णय सरकारने 2017 मध्ये घेतला. उजनीचं पाणी जपा म्हणून सोलापूरकरांना सगळेच सांगतात. आणि पाणी वाचवणाऱ्याची फाइल अडते कुठे, तर डोळ्यांना दिसणारी विहीर कागदावर नाही म्हणून.

नोंद दोन जागी बघा. सातबाऱ्यातल्या पिकांच्या भागावर, म्हणजे गाव नमुना बारावर, सिंचनाचं साधन ई-पीक पाहणीतून (शेतकऱ्याने ॲपवर केलेल्या पीकनोंदीतून) येतं. घाईत ‘अजलसिंचित’ निवडलं की डाळिंबाची बागही कोरडवाहू ठरते. ॲपमध्ये नोंदवल्यापासून 48 तासांत स्वतः दुरुस्ती करता येते, नंतर तलाठ्याकडे जावं लागतं. दुसरी जागा सातबाऱ्याचा ‘इतर अधिकार’ रकाना. तिथे विहीर चढवायला फेरफार (नोंदीतला अधिकृत बदल) लागतो: लेखी अर्ज, वीजबिल, स्थळ पंचनामा, शेजाऱ्यांचे जबाब, मग 15 दिवसांची नोटीस आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. अर्जाची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. ‘बघतो’ या शब्दाला तारीख नसते. विहीर सामाईक असेल तर हिस्सेदारांची संमतीपत्रं आधीच गोळा करा. एक भाऊ पुण्याला असला की सगळं तिथेच खोळंबतं. म्हणून अर्ज नंतर, नोंद आधी. 15 रुपयांचा डिजिटल सातबारा काढून आजच तपासा.

कृषी विभागाच्या पूर्वसंमती पत्राआधी ठिबक संच घेऊ नका, विक्रेता कितीही घाई करो. पत्राआधीच्या तारखेचं बिल चालत नाही. पत्र आलं की 30 दिवसांत संच बसवून बिल अपलोड करायचं.

अल्प-अत्यल्पभूधारकाला अनुदान 55 टक्के आणि राज्याचं पूरक 25, मिळून 80. इतरांना 45 आणि 30, म्हणजे 75. पण ही टक्केवारी तुमच्या बिलावर नाही, सरकारी मापदंडावर, म्हणजे सरकारने हेक्टरी ठरवलेल्या खर्चावर. लॅटरलमधलं (पिकाच्या ओळींतून जाणाऱ्या ठिबक नळ्यांमधलं) अंतर वाढलं की हेक्टरी मापदंड उतरतो, त्यामुळे साडेचार बाय तीन मीटरवरच्या डाळिंबाला उसापेक्षा कमी रक्कम बसते. मर्यादा 5 हेक्टरची.

मोका तपासणीत, म्हणजे रानात येऊन केलेल्या पाहणीत, बिलावरची लॅटरल आणि रानातली लॅटरल ताडून बघतात. उरलेली बंडलं शेजाऱ्याला देऊन टाकू नका. फिल्टरवरचा आयएसआय मार्क फोटोत नीट दिसू द्या.

आणि हो, पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. बँकेत नुसतं ‘आधार दिलंय’ म्हणून भागत नाही. अनुदानासाठी नेमकं कोणतं खातं जोडलंय, हे विचारून घ्या. जुन्या पीककर्जाच्या खात्यावर रक्कम गेली तर ती आधी तिथल्या थकबाकीत वळती होऊ शकते.