हे कुठून लिहिलं त्यानं?

आमच्या घरी सकाळी एका जर्मन पाळकाचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूचं, एक पान वाचलं जातं. दीट्रिख बोनहॉफर. त्याच्या पुस्तकांतून, पत्रांतून, प्रवचनांतून वेचे काढून वर्षाच्या तारखांवर बसवलेलं एक इंग्रजी पुस्तक धाकट्या दिरानं नाताळात दिलं. वर शास्त्रवचन, मध्ये अर्धं पान वेचा, खाली दोन ओळींची प्रार्थना आणि कोपऱ्यात कसलंसं फूल. मी वाचते आणि लगोलग मराठीत सांगत जाते, कारण ऐकणारे बाबा, म्हणजे माझे सासरे. त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर लागत नाही. नळ यायच्या आत हे सगळं उरकावं लागतं. एकदा पाणी आलं की बोनहॉफर असो की बायबलातला पौल, कोणाचंच चालत नाही.

बाबा रेल्वेत गार्ड होते. गार्डानं लिहिलेल्या कागदावर स्टेशन आणि वेळ नसेल तर तो कागद रद्दी, हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे पान संपलं की ‘आमेन’च्या आधी प्रश्न येतोच, “हे कुठून लिहिलं त्यानं? केव्हाचं आहे?” पुस्तकात याचं उत्तर नाही. शेवटी मूळ पुस्तकांची नावं दिली आहेत, बस. मग मीच दुपारी शोधते आणि समासात पेन्सिलनं गाव नि साल लिहून ठेवते.

आणि आता माझंही मत तेच झालंय. हा माणूस गाव-तारखेशिवाय वाचला की गुळगुळीत होतो. त्या कोपऱ्यातल्या फुलाशेजारी अगदी शोभून दिसतो.

स्वस्त कृपेचं पान घ्या. पश्चात्तापाविना मिळालेली क्षमा आणि क्रूसाविना मिळालेली कृपा म्हणजे मंडळीचा, चर्चचा, जीवघेणा शत्रू, असा त्याचा आशय. रविवारी उपदेशात हे ऐकून आपण मान डोलावतो आणि बाहेर येऊन चहा पितो. पण हे ज्यातून घेतलंय ते त्याचं पुस्तक आलं १९३७ मध्ये. हिटलरशी जुळवून घेणाऱ्या चर्चपासून वेगळ्या झालेल्या मंडळीसाठी फिंकेनवाल्डला तो तरुणांना पाळकपदाचं शिक्षण देत होता आणि त्याच वर्षी गेस्टापोनं, हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, ती शाळा बंद पाडली. त्याचे कितीतरी विद्यार्थी तुरुंगात गेले. हे समासात लिहिल्यावर तेच पान पुन्हा वाचलं. बाबा म्हणाले, “मग हे आपल्याला सांगितलं नाही बाई, जे गप्प बसले त्यांना सांगितलं.” थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, “म्हणजे आपल्यालाही.”

दुसरं पान सहजीवनाचं. मंडळी कशी असावी याच्या स्वप्नावर ज्याचं खऱ्या मंडळीपेक्षा जास्त प्रेम असतं, तो मंडळी मोडतो, हेतू कितीही चांगला असो. हे १९३८ साली ग्योटिंगेनमध्ये लिहिलं, जुळ्या बहिणीच्या रिकाम्या घरात. तिचा नवरा ज्यू वंशाचा, म्हणून ते कुटुंब नुकतंच देश सोडून गेलेलं. शाळा गेली, बहीण गेली आणि हा तिच्या घरात बसून चार आठवड्यांत एकत्र राहण्यावर पुस्तक लिहितोय! यावर बाबांना १९७० आठवलं. २९ नोव्हेंबरला आपल्या नागपुरात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बाबा तेव्हा नोकरीत नवे होते. त्या दिवसाचं ते अजून भरभरून सांगतात आणि त्यानंतरच्या पास्टरेट कमिटीच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांच्या, भांडणांचं त्याहून जास्त.

मला स्वतःला रोजच्या पानाची थोडी चीड आहे, हे सांगून टाकते. मोठ्या विचाराचे घास करून भरवल्यासारखं वाटतं. पण बोनहॉफर स्वतः रोजचं वचन वाचणारा होता. जर्मनीतल्या हेर्नहूटच्या मोरेव्हियन ख्रिस्ती पंथाची १७२८ पासूनची रीत आहे ती: वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी जुन्या करारातलं एक वचन चिठ्ठीनं काढायचं आणि त्याला जोडून नव्या करारातलं एक निवडायचं. बोनहॉफरनं ती वचनं तुरुंगातही सोडली नाहीत. १९३९ मध्ये तो न्यूयॉर्कला सुखरूप पोचला होता, मित्रांनी कामही बघून ठेवलं होतं. पण जीव लागेना. २६ जूनला वाचता वाचता बायबलातल्या पत्रात पौलानं आपल्या सोबत्याला, तीमथ्याला, केलेली विनंती समोर आली, हिवाळ्याआधी ये म्हणून. ती त्यानं स्वतःला लावून घेतली आणि जुलैत जर्मनीला परतला. पुढे १९४३ मध्ये हिटलरच्या राजवटीकडून अटक. ८ एप्रिल १९४५ चा रविवार, शोनबर्ग गावची शाळा, सोबतच्या कैद्यांनी उपासना घ्यायला लावली. वचनं त्या दिवसाचीच घेतली, यशया ५३ आणि पहिलं पेत्र. उपासना संपते न संपते तोच न्यायला माणसं आली. दुसऱ्या दिवशी फ्लोसेनबुर्गला फाशी.

एवढं कळल्यावर पानाला नावं ठेवायची माझी हिंमत थोडी कमी झाली. थोडीच.

या आठवड्यात शांतीवरचं पान आलं. सुरक्षिततेच्या वाटेनं शांती येत नाही, असं. ते डेन्मार्कच्या फानो बेटावरचं, ऑगस्ट १९३४. हे शोधताना जे सापडलं ते बाबांना सांगितल्यावर त्या दिवशी नळाकडे कोणी बघितलंच नाही. त्याच सुमारास बोनहॉफर लंडनला पाळक होता आणि गांधीजींच्या आश्रमात येऊन राहायचं त्याच्या मनात होतं. १ नोव्हेंबरला गांधीजींनी त्याला कळवलं की जाण्यायेण्याचं भाडं आणि इथला माणशी महिना शंभर रुपये खर्च जमत असेल तर केव्हाही या, आणि लवकर आलात तर थंडी मिळेल. गांधीजी तेव्हा वर्ध्याला होते. पुढच्या वर्षी फिंकेनवाल्डची जबाबदारी अंगावर आली आणि ते येणं राहून गेलं.

“शंभर रुपये!” बाबा म्हणाले. “तेव्हाचे!” मग बराच वेळ गाडीचा हिशेब झाला. मी म्हटलं, आला असता तर नागपूरलाही आला असता की.

“मुंबईहून येणाऱ्याला वर्धा आधी लागते. तो पुढे इथवर कशाला येईल?”

“संत्र्यांसाठी.”

“संत्री वर्ध्याला मिळतात,” बाबा म्हणाले.