आमची वाटचाल : दीड टन म्हणजे दीड टन

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलची पंचतारांकित वसाहत, या तिन्हीकडे फाउंड्रीतून (लोखंड ओतून कास्टिंग बनवणाऱ्या कारखान्यातून) मशीनशॉपला जाणारा बराच माल पिकअपच्या हौद्यातूनच जातो. दहा टायरला तो कमी पडतो आणि तीनचाकीला पेलत नाही. आम्ही २००९ पासून हेच करतोय. आमची एकही गाडी पासिंगच्या, म्हणजे आरसी बुकातल्या वजनाच्या, वर भरून कधी फाटकाबाहेर पडलेली नाही. कोल्हापुरात कास्टिंग वाहणाऱ्याला हे छातीठोकपणे म्हणणं किती अवघड आहे, ते या लाइनीतल्या माणसाला सांगायला नको. त्यापायी काय काय सोसलं तेही एकदा लिहून ठेवायचं होतं.

सुरुवात सेकंडहँड छोट्या हत्तीवर केली. टाटांनी ही गाडी २००५ मध्ये बाजारात आणली आणि आमच्यासारख्या कितीतरी पोरांना ड्रायव्हरचं मालक केलं. पाऊण टनाची गाडी. पहिलं कायमचं गिऱ्हाईक म्हणजे उद्यमनगरातले अण्णा. पंपाची कास्टिंग आणायची, टर्निंग-बोअरिंग करून परत पाठवायची, असं त्यांचं छोटं वर्कशॉप. पहिल्याच भाड्याला फाउंड्रीच्या दारात त्यांनी विचारलं, "किती घेतीया गाडी?"

"साडेसातशे किलो, अण्णा."

"बाकीची पोरं बारा-बारा क्विंटल घालत्यात की."

"त्यांच्या आरसी बुकातबी साडेसातशेच लिवलंय, अण्णा."

त्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि हमालाला हाक मारली. "निम्मा माल खाली घे रं. ह्यो दोन फेऱ्या करील. दोन्हीचं भाडं मी देतो." दोन फेऱ्यांचं भाडं आपणहून कबूल करणारा माणूस त्यानंतर मला क्वचितच भेटला. आमची फर्म त्या एका शब्दावर उभी राहिली, असंच मी मानतो.

२०१२ मध्ये बोलेरो पिकअप आली, २०१६ मध्ये दीड टनाची आणखी एक. मधली वर्षं चांगली गेली. हप्ते वेळेवर जात होते, जास्त सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते अण्णांच्या लेथचं. उद्यमनगरातली जागा अपुरी पडायला लागली म्हणून त्यांनी गोकुळ शिरगावला शेड घेतलं आणि मशीन हलवायचं काम माझ्यावर टाकलं. जुना सहा फुटी लेथ, म्हणजे जॉब फिरवून तासायचं मशीन, हजार-अकराशे किलोचा. लेथचं सगळं वजन हेडस्टॉकच्या (गिअर असलेल्या टोकाच्या) बाजूला असतं आणि तेही वरच्या अंगाला, त्यामुळं बेसावध माणसाच्या हातून तो आडवा होतो. आम्ही आधी जॉब पकडणारा चक उतरवून वेगळा ठेवला. टेलस्टॉक पार शेवटच्या टोकाला नेऊन आवळला, कॅरेज (हत्यार धरणारा सरकता भाग) पुढं-मागं सरकवत तोल जमवला आणि मग लॉक केलं. गाइडवेजना ग्रीस फासलं. बेल्ट बेडच्या बरगड्यांतून घेतला आणि लीडस्क्रूला (कॅरेज सरकवणाऱ्या आटेदार दांड्याला) घासू नये म्हणून मध्ये लाकडी ठोकळे दिले. लीडस्क्रूवरून दोर आवळला की तो वाकलाच समजा, मग थ्रेड काढणं विसरा. हौद्यात खाली बाभळीच्या जाड फळ्या लांबीच्या दिशेनं टाकल्या, म्हणजे वजन पत्र्यावर न येता खालच्या आडव्या चॅनेलवर विभागलं जातं. हायड्रा क्रेननं लेथ ठेवला तो हेडस्टॉक केबिनकडं करून. चारी कोपऱ्यांना रॅचेट बेल्ट, पायांना पाचरी, मागचा फाळका बंद. दोन किलोमीटरवर गाडी थांबवून बेल्ट पुन्हा आवळले. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये बेल्ट सैल पडतातच.

अण्णा स्कूटरवरून गाडीच्या मागोमाग आले. शेडमध्ये लेथ बसवला, लेव्हल लावली, त्यांनी पहिला जॉब काढून मायक्रोमीटर लावला. टेपर नव्हता, दोन्ही टोकांना माप सारखं. त्या दिवसापासून अण्णांच्या ओळखीत कुणाचंही मशीन हलवायचं असलं की ते म्हणायचे, "गाडी कुणाचीबी असू दे, बांधायला ह्यालाच बोलवा."

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडं, जे सोसलं त्याकडं येतो.

लोखंड हा फसवा माल आहे. कास्ट आयर्न घनमीटरला सात टनांच्या वर भरतं. दीड टन कास्टिंग हौद्यात टाकली तर तळ झाकला जातो, एवढंच. बघणाऱ्याला गाडी रिकामीच वाटते. मग फाउंड्रीचा डिस्पॅचवाला म्हणतो, अजून एक थर टाका की, जागा आहे. भुसा, कडबा भरणाऱ्याला जागा आडवी येते. आमच्याकडं जागा कधीच संपत नाही, पासिंग संपतं.

२०१७ च्या सुमारास आमचं निम्म्याहून जास्त काम एका मोठ्या फाउंड्रीचं होतं. तिथं एक नवा वाहतूकदार शिरला. नाव घेत नाही, लाइनीतले ओळखतीलच. त्यानं दीड टनाच्या पिकअपला मागं स्प्रिंगचे दोन-दोन जादा पाटे टाकून घेतले आणि अडीच टन भरायला लागला. टनामागं त्याचा दर आमच्यापेक्षा साहजिकच कमी. खरेदी खात्यातले साहेब मला समोर बसवून म्हणाले, "तो एका फेरीत नेतो ते तुम्ही दोन फेऱ्यांत नेता. आम्ही वरिष्ठांना काय सांगायचं?" मी आरसी बुक काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उघडलंही नाही. २०१८ मध्ये काम गेलं.

काम गेलं ते गेलं, मागची बिलंही अडकली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं २००६ च्या कायद्यात लिहिलंय. आमची बिलं महिनोन्महिने टेबलावर पडून राहिली. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. इकडं दोन गाड्यांचे हप्ते, ड्रायव्हरचे पगार, इन्शुरन्स. फायनान्सची माणसं घरी येऊन बसायला लागली. घरातलं सोनं बँकेत गेलं. एक गाडी विकली, तीही पडत्या भावानं. त्या काळात मला लोकांनी उघड सुचवलं, की बाबा, तूही दोन पाटे टाक आणि मोकळा हो. आमच्याच एका ड्रायव्हरनं सुचवलं. मी त्याला म्हटलं, पाटे टाकून गाडी बसत नाही एवढंच होतं. ब्रेक तेच, एक्सल तोच, टायर तेच, चॅसिसही तीच. वजन वाढलं की थांबायचं अंतर वाढतं आणि शिरोलीच्या पुलाखाली शाळेची पोरं रस्ता ओलांडत असतात. हे त्याला पटलं, साहेबांना पटलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग आला २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, वसाहती बंद, उरलेली गाडी दारात उभी. मला वाटलं, आता संपलं.

पाणी ओसरायला लागलं तेव्हा अण्णांचा फोन आला. "नदीकाठच्या सगळ्या पाणी उपसायच्या मोटारी बुडाल्यात. शेतकरी त्या शहरात आणणार कशा? तू जा. रिवायंडिंगवाल्यांशी मी बोललोय." करवीर आणि शिरोळ तालुक्यातल्या गावांतून आम्ही मोटारी उचलायला लागलो. गाळानं भरलेल्या, दहा-दहा, वीस-वीस एचपीच्या. चिखलात हायड्रा येत नाही. तिथं घोडी (तिवई) आणि चेन ब्लॉक, पहार आणि पाइपांचे रूळ. मोटारीच्या डोक्यावरचा आयबोल्ट, म्हणजे उचलायची कडी, हा फक्त मोटारीच्या वजनाचा असतो. पंप आणि बेससकट सगळा सेट त्याच आयबोल्टला उचलायला जाणारे लोक मी तिथं पाहिले, त्यांना हात धरून थांबवलं. मोटार हौद्यात पायांवरच बसली पाहिजे, पंख्याच्या कव्हरवर आडवी टाकायची नाही, शाफ्टवर भार येऊ द्यायचा नाही. बऱ्याच शेतकऱ्यांनी भाडं ऊस बिलावर दिलं, पण बुडवलं कुणी नाही. मोठ्या ऑफिसातल्या साहेबांपेक्षा गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाचा शब्द पक्का निघाला. त्या हंगामावर आम्ही हप्ते सरळ केले.

त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ओव्हरलोडचा दंड वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार झाला. पुढं लॉकडाऊन आला आणि गेला. त्यातून सगळेच गेले, आम्हीही गेलो.

२०२१ नंतर त्या फाउंड्रीकडून पुन्हा बोलावणं आलं, पण फक्त मशीनिंग झालेल्या मालासाठी. कच्च्या कास्टिंगला ओरखडा गेला तर कुणी विचारत नाही, पण बोअर मारलेल्या हाउसिंगच्या फेसला (तासलेल्या सपाट बाजूला) टोचा बसला की अख्खा जॉब रिजेक्ट. तसे बरेच झाले असणार, त्याशिवाय आमची आठवण झाली नसती. आता तयार माल आमच्याकडं, कच्चा त्या अडीच टनवाल्याकडं. आमच्या हौद्यात रबर मॅट, प्रत्येक थरामध्ये प्लाय आणि दर जॉबला वेगळा कप्पा असतो. तो मात्र आता मोठ्या ट्रकांचा मालक आहे. जुन्या बिलांतली शेवटची रक्कम आम्हाला अजून मिळालेली नाही.

नवीन पोरं गाडी घेण्याआधी विचारायला येतात, त्यांना मी सांगतो ते इथंही लिहितो. आरसी बुकातल्या ग्रॉस वजनातून अनलेडन वजन वजा करा. जे उरेल त्यातूनच ड्रायव्हर, क्लीनर, ताडपत्री, फळ्या आणि साखळ्यांचं वजन जातं. जड नग मागच्या एक्सलच्या पुढं, केबिनच्या बाजूला ठेवा. एक्सलच्या मागं लटकला तर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग तरंगायला लागतं. वाळूची एक ब्रास म्हणजे चार-साडेचार टन, ती पिकअपमध्ये एका फेरीत मागणाऱ्या बिल्डरला हात जोडा. फोंडा किंवा आंबोली घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून नव्हे. आणि भाडं ठरवण्याआधी वजनकाट्यावर जा. काट्याची पावती मागितली की बरीच गिऱ्हाइकं चिडतात. अण्णा कधी चिडले नाहीत.

अण्णा आता घरीच असतात. वर्कशॉप मुलगा बघतो, लेथच्या जागी संगणकावर चालणारं सीएनसी आलं. ते मशीन वजनानं पिकअपचं काम नव्हतं, म्हणून आम्ही लो-बेड ट्रेलर ठरवून दिला आणि बांधणी आमच्या माणसांनी केली. अशी कामं आता वाढलीत. मशीन हलवायचं असेल तर आधी नेमप्लेटचा फोटो आणि नवीन जागेच्या दाराची रुंदी कळवा. वजन दीड टनाच्या आत असेल तर आमची गाडी येईल, वर असेल तर मोठी गाडी आम्हीच बघून देऊ. दोन्ही वेळा काट्याची पावती बिलाला जोडलेली असेल.